नावाआधीचं एक अक्षर

चौदा मुलांच्या शाळाप्रवेशाच्या अर्जांवर मी त्यांच्या वडलांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. चौदाही ठिकाणी अक्षर सुरेख आलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

या अक्षराबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तेच. मी हायस्कुलात कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. मधल्या काळात माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण त्या इतक्या वळणदार अक्षरात झाल्या की सापडायला लोकांना वेळ लागायचा. नेकनूरच्या आसपास कुणाचं लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर लिहायला मला बोलावणं येई. अशाच एका पत्रिकेत, आमच्या मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, तिच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' टाकायचं राहून गेलं. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पत्रिकेत मात्र ते 'आपल्या आगमनाची वाट पाहत' होते. मांडवात एका पाव्हण्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "म्हातारबा वाट बघायलेत म्हनं. आपल्याला न्हाई बाबा इतक्यात जायचं." लोक हसले. आजी पंगतीतून न जेवता उठल्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की जगात काहीही चुको, गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लिहायला चुकायचं नाही.

अशा तयारीनिशी मी निवृत्तीनंतर एका संस्थेत कागदपत्रं सांभाळायला गेलो. पगार नाही, चहा दोनदा.

आईबाप एड्सनं गेलेल्या मुलांना सांभाळून शिकवणारी ही संस्था दोन माणसं चालवतात. एक निवृत्त नर्स आणि एक जुने ऊसतोड मुकादम. नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. मुलं म्हणतात, मुकादम म्हणतात, राखीपौर्णिमेला त्यांचा सख्खा भाऊ येतो तोही म्हणतो. मुकादमांना मुलं मामा म्हणतात. दोघांचं एकमेकांशी नातं काही नाही. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कधी पटत नाही, आणि त्या न पटण्यावरच संस्था इतकी वर्षं व्यवस्थित चालली आहे.

मुकादम पूर्वी दर हंगामात टोळी घेऊन कारखान्यावर जायचे. टोळीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. "माजे तीन कोयते गेले," असं ते कधीतरी बोलता बोलता सांगतात, आणि नव्या माणसाला वाटतं की लोखंडाची हत्यारं हरवली. ती सहा माणसं होती. त्यांची पोरं मुकादमांनी घरी आणली आणि तपासायला दवाखान्यात नेली. तिथं सिस्टरांनी विचारलं की यांना शाळेत कधी घालणार. जगली तर घालू, असं मुकादम म्हणाले. त्यावर सिस्टर त्यांना काय बोलल्या ते दोघंही आजवर सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मुकादम पोरं घेऊन शाळेच्या दारात उभे होते. शाळेनं वाटेला लावल्यावर ते परत दवाखान्यात आले आणि म्हणाले, आता तुमीच चला. सिस्टर गेल्या. त्या अजून परत आलेल्या नाहीत, असं मुकादमांचं म्हणणं.

मुकादमांची भाषा अजून उसाच्या फडातलीच आहे. अभ्यासाला ते तोड म्हणतात. प्रत्येक मुलाला रोजचा फड आखून दिलेला. संध्याकाळी हातामागं हात बांधून फिरतात आणि विचारतात, गणिताचा फड कुठवर आला, इंग्रजीच्या मोळ्या किती बांधल्या. पहाटे चारला टोळी उठवावी तशी ते मुलं उठवतात आणि सव्वाचारला सिस्टर त्यांना परत झोपवतात. रोगाचं नाव ते घेत नाहीत, 'त्यो आजार' म्हणतात. सिस्टर तिथल्या तिथं टोकतात, "नाव घ्या मुकादम. नाव घेतल्यानं लागत नसतो." मग मुकादम टोपी सारखी करतात आणि पुन्हा 'त्यो आजार'च म्हणतात.

पहिल्याच दिवशी सिस्टरांनी मला एक गोष्ट बजावली होती. "भाऊसाहेब, शाळेच्या कागदावर ही मुलं बाकीच्या मुलांसारखीच दिसली पाहिजेत." मी मान हलवली. मला वाटलं, त्या स्वच्छतेबद्दल बोलताहेत. कागदाला तेलाचे डाग नकोत, कोपरे दुमडलेले नकोत. त्या बाबतीत माझ्याएवढा काटेकोर माणूस त्यांना सापडला नसता.

जूनमध्ये जवळच्या गावातल्या हायस्कुलाला दहावीचा वर्ग मिळाला आणि आमची आठवी ते दहावीची चौदा मुलं लांबच्या शाळेतून काढून तिथं घालायचं ठरलं. चौदा अर्ज मी एकट्यानं एका दुपारीत भरले. आणि भरताना, कुणी चुकूनही म्हणू नये की या पोरांच्या बापांना मान मिळाला नाही, म्हणून प्रत्येकाच्या नावाआधी 'कै.' घातलं. टिंबासकट.

आता दुसऱ्या एखाद्या शाळेत कारकुनानं ते पाहिलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण त्या शाळेचा कारकून माझा शिष्य निघाला. उमेदवारीत असताना माझ्याच हाताखाली होता. मी त्याला दोन नियम घोकून घेतले होते. एक, अर्जात जे असेल ते काना-मात्रा-टिंबासकट रजिस्टरात उतरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. दोन, रजिस्टरात एकदा लिहिलं की खाडाखोड नाही. त्यानं गुरूची आज्ञा पाळली. तिथून ती नावं संगणकात गेली. संगणकावर बसणाऱ्या मुलाला 'कै.' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यानं ते वडलांच्या नावाचाच भाग धरून इंग्रजीत के-ए-आय असं टाकलं.

आणि दिवाळीनंतर इंग्रजीचे नवे सर आले. बाहेरगावचे. त्यांनी वर्गात संगणकाची यादी वाचून हजेरी घेतली आणि के-ए-आयचा उच्चार केला 'काय'.

ही हकिगत मला कळली ती थोरलीकडून. थोरली म्हणजे आमच्या मुलांतली सगळ्यात मोठी, त्या वर्षी दहावीत असलेली एकटीच. तिला नर्स व्हायचं होतं. सिस्टर इंजेक्शनची पिशवी काढायच्या तेव्हा बाकीची पोरं पळायची, ही जवळ येऊन सुई कशी धरतात ते बघत राहायची. तोंडानं फटकळ. तेही सिस्टरांकडूनच उचललेलं.

त्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न ठेवता सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊसाहेब, कै. म्हंजे काय?"

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत कुणा पोरानं आपण होऊन व्याकरणातलं काही विचारलं नव्हतं. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी तिला कैलासवासी समजावून सांगितलं. मग वैकुंठवासी. माळकरी असेल तर 'वै.' लावतात, कुणी 'स्व.'ही लावतात, पण आपल्याकडे 'कै.'ला जो भारदस्तपणा आहे तो त्याला नाही, हेही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"आन जित्या मानसाला काय लावतेत?"

"श्री."

"माझ्या वर्गात किती जनांच्या बापाला श्री. लावलंय?"

"एकालाही नाही. शाळेच्या रजिस्टरात असलं काही लावत नसतात. नियमच आहे तसा. तिथं नाव नुसतं…"

आणि तिथं माझं वाक्य बसलं. हेडक्लार्क म्हणून जो नियम मी जन्मभर इतरांना सांगितला, तो अर्ज भरताना माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"मग आमच्याच बापांना कावून लावलं?" थोरली म्हणाली.

मग तिनं वर्गातलं सांगितलं. सर तिच्या नावाशी आले, 'काय' म्हणाले, पोरं हसली. एकानं उठून विचारलं की सर, संस्थेतल्या सगळ्या पोरांच्या बापाचं नाव 'काय'च आहे म्हणं, आठवीतपन तसंच हाय. मग वर्गातल्या एका मुलीनं, तीही काही वाईट मनानं नव्हे, सांगून टाकलं की ते काय नाही, कै. आहे. सगळ्यांचे मेलेत. मग कुणीतरी विचारलं, सगळ्यांचे कशानं मेले? त्यावर कुणी बोललं नाही. थोरलीला ते न बोलणं जास्त लागलं होतं.

"आता दहावीच्या मार्कशीटवर हेच यायचं," ती म्हणाली. "मंग नर्सिंगच्या फॉर्मवर. मंग नोकरीच्या. हरेक टेबलावर कुनी ना कुनी इचारनार, हे मधी काय आहे गं. आन मी सांगत बसू जन्मभर."

मी म्हणालो, मानानं लिहिलं होतं गं. ती म्हणाली, ते माहीत आहे, आणि दप्तर घेऊन आत गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सिस्टरांना कळल्यावर त्या ओरडतील अशी माझी खात्री होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. मुलांच्या रोजच्या गोळ्या ठेवायचं जे लोखंडी कपाट आहे, ज्याची किल्ली त्या स्वतःजवळ ठेवतात, त्यात त्यांनी ते पेन ठेवलं आणि कुलूप लावलं. "धोक्याच्या वस्तू इथं," म्हणाल्या.

मुकादम खाटेवर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मी जन्मभर कोयत्यानं ऊस तोडला, भाऊसाहेब. तुमी पेनानं मानसं तोडली."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शाळेत गेलो. शिष्यानं उठून खुर्ची दिली, पाया पडला, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत माझीच वाक्यं मला ऐकवली. रजिस्टरात खाडाखोड नाही, साहेब. पुराव्याशिवाय दुरुस्ती नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंय, साहेब. इतका चांगला विद्यार्थी माझ्या वाट्याला यायला नको होता. शेवटी मुख्याध्यापकांनी मार्ग काढला. आठवी-नववीच्या तेरा मुलांचं जुन्या शाळेच्या दाखल्यावरून सावकाश दुरुस्त होईल. पण थोरलीचं तातडीचं आहे. हॉलतिकीट निघण्याआधी नावं तपासायची बोर्डाची यादी आली आहे, ती सोमवारी परत जाणार. त्यानंतर जे छापलं जाईल ते छापलं जाईल.

मग थोरलीचाही जुना दाखला दाखवा, मी म्हणालो. शिष्यानं तो काढला. दाखल्यावर वडलांच्या नावाच्या जागी नुसतं 'सायब' होतं. तेच त्या शाळेच्या रजिस्टरात.

मुकादमांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. हळूहळू उलगडा झाला. थोरलीला त्या जुन्या शाळेत घालायला मुकादमच गेले होते. टोळीत तिच्या बापाला सगळे सायब म्हणायचे, मुकादमांच्या ध्यानात तेच नाव होतं, तेच त्यांनी सांगितलं. नव्या अर्जावर खरं नाव मी आधार कार्ड बघून लिहिलं होतं, पण शिष्याचं म्हणणं, नाव दाखल्याशी जुळत नसेल तर मूळ नोंद पाहिजे. तिच्या अगदी पहिल्या शाळेचा निर्गम उतारा.

"उतारा मला सांगू नका," मुकादम एकदम जोरात आले. "कारखान्यावर जलम गेला माजा. साखरंचा उतारा हातानं ऊस मोडून सांगत व्हतो."

"हा कागदाचा असतो," सिस्टर म्हणाल्या. "एकानं पोरीच्या बापाला साहेब केलं, दुसऱ्यानं कैलासवासी. धड माणूस म्हणून कुणी ठेवलं नाही."

परत आल्यावर मी एक सोपा उपाय सुचवला. तिच्या वडलांचा मृत्यूचा दाखला संस्थेच्या फायलीत होता, त्यावर खरं नाव असणारच, तोच जोडू. सिस्टर म्हणाल्या की तो कागद या दारातून शाळेत जाणार नाही. पण फाईल काढून त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"बघा भाऊसाहेब. हा माणूस मेला, असं सरकारनं शिक्क्यानिशी लिहून दिलंय. त्यात तरी कुठं कै. आहे का?"

नव्हतं. नाव नुसतं लिहिलेलं होतं, जिवंत माणसाचं लिहितात तसं.

थोरलीची पहिली शाळा गेवराईच्या पुढं, गोदावरीकडच्या एका गावात. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. थोरली, मी आणि मुकादम. मुकादमांना मी नको म्हणत होतो. सिस्टरांनी त्यांना पाठवलंच. "या दोघांवर एकमेकांचं लक्ष राहील," असं थोरलीला म्हणाल्या. मुकादमांचं म्हणणं वेगळं होतं. मला एकट्याला सोडलं तर मी तिथल्या मास्तरलाच कै. करून येईन, अशी त्यांना धास्ती होती.

बीडला गाडी बदलली. थोरली खिडकीशी बसली होती, माझ्याशी ती तीन दिवस कामापुरतं बोलत होती. मधेच तिनं मुकादमांना विचारलं की माझ्या बापाला सायब कावून म्हणायचे.

मुकादमांना अशा गोष्टी सांगायला आवडत नाही. टोळीतल्या गेलेल्या माणसांचा विषय निघाला की त्यांना एकदम काहीतरी काम आठवतं. पण चालत्या गाडीत काम आठवून जायचं कुठं. त्यांनी सांगितलं की तिचा बाप चौथी शिकलेला, पण सदऱ्याच्या खिशाला कायम पेन. उसाचं पाचट अंगभर, हात कापलेले, आणि खिशाला पेन. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, कुणाची चिठ्ठी आली तर वाचायला त्याच्याकडं जायचं. गाडी भरून झाली की हात धुऊन, पेन काढून, हातावर गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. काही कारण नव्हतं, नंबर कारखान्यावर लिहूनच घ्यायचे.

"नुस्ती ऐट," मुकादम म्हणाले. "लई ऐटबाज. तुज्या आईनं त्याला म्हनलं व्हतं, कोयता इसरशील पर पेन इसरायचा न्हाईस."

 गेवराईपर्यंत तिनं मुकादमांना आणखी चार गोष्टी विचारल्या आणि मुकादमांनी चारांचीही उत्तरं दिली. हे मी पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या रस्त्यावर वाळूचा एक हायवा ट्रक आडवा झाला होता, त्यात तास गेला. शाळेत पोचलो तेव्हा शनिवारची सुट्टी होऊन गेलेली. शाळेच्या बाई स्कुटीवर बसून चावी फिरवत होत्या. मुकादम धावत जाऊन स्कुटीपुढं उभे राहिले, दोन्ही हात पसरून, उसाची गाडी अडवावी तसे. बाई घाबरल्या. मी मागून पोचून माझी ओळख सांगितली, निवृत्त हेडक्लार्क वगैरे. त्याचा काही परिणाम झाला नाही. मग थोरली पुढं आली आणि म्हणाली, "बाई, मी इथं पहिलीला होते. माझ्या बापाचं नाव बघायचंय." बाईंनी स्कुटी बंद केली.

रजिस्टर लगेच सापडलं. नाव बरोबर, नुसतं, स्वच्छ. माझ्या हिशेबी काम झालं होतं. बाई उतारा लिहायला बसल्या, आणि लिहिता लिहिता म्हणाल्या की त्या वर्षीचे प्रवेशाचे अर्जही गठ्ठ्यात असतील, जोडीला झेरॉक्स दिली तर कुणी शंका काढणार नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. त्यातून अर्ज निघाला.

तो बापानं स्वतः भरला होता.

अक्षर मोठं, कागदात रुतलेलं, ओळ सोडून वर चढत गेलेलं. व्यवसाय: शेती व ऊसतोड. आणि वडलांच्या नावाच्या रकान्यात त्या गृहस्थांनी स्वतःच्याच नावाआधी लिहिलं होतं 'श्री.'. नुसतं लिहिलं नव्हतं, बाकी अक्षरांपेक्षा ते मोठं काढलं होतं. त्यावर तेव्हाच्या गुरुजींनी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारून ठेवली होती.

थोरलीनं कागद दोन्ही हातांनी धरला. शाईवर बोट ठेवलं नाही, शेजारी ठेवलं. बराच वेळ झाला. बाईंना घरी जायचं होतं, तरी त्यांनी स्कुटीची चावी टेबलावर ठेवली. मुकादम दाराकडं तोंड करून उभे होते आणि उपरण्यानं मान पुसत होते, गरम होत नव्हतं तरी.

"र माझ्यासारखा काढलाय," थोरली म्हणाली. मग एकदम हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा. "माझ्या बापानं पन आगाऊपना केलताच की."

"सायबच व्हता त्यो," मुकादम दाराकडंच बघत म्हणाले.

मला वाटलं, ही संधी आहे. मी म्हणालो, बघ, चांगल्या चांगल्यांची चूक होते. माझी आणि तुझ्या वडलांची चूक एकाच जातीची. थोरलीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली की त्यांनी स्वतःच्या नावाला लावलं होतं, दुसऱ्याच्या नाही, आणि त्यांचं खोडायला गुरुजी होते. मी संधी सोडून दिली.

गावात झेरॉक्सचं दुकान एकच, तेही किराणा मालाच्या दुकानात. थोरलीनं दोन प्रती काढायला लावल्या. एक शाळेला, एक तिला. दुकानदार म्हणाला, ही रेघ काळी येईल, पांढऱ्या शाईनं झाकून काढू का? ती म्हणाली, नको, रेघ राहू द्या. श्री.पन दिसलं पाहिजे, रेघपन.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर उतारा ठेवला. तेवढ्यानं भागलं नाही. अर्ज मी भरला होता, तेव्हा चूक माझी आहे असं मी माझ्या अक्षरात लिहून द्यायचं होतं. पेन कपाटात. शिष्याचं घेतलं. मी लिहिलं, 'सदर अक्षर माझ्याकडून अनवधानाने लिहिले गेले.' थोरली खांद्यामागून वाचत होती.

"अनवधान कुठं? चांगलं बघून बघून लिहिलंय. चौदा वेळा."

मी 'अनवधानाने' खोडून वर 'आगाऊपणाने' लिहिलं. शिष्यानं कागद परत केला. खाडाखोड आहे, साहेब. मी दुसरा लिहिला. घाईत त्यात मी स्वतःच्या नावाआधी 'श्री.' लिहून बसलो. तोही परत आला. तिसरा कागद मुख्याध्यापकांनी वाचला, 'आगाऊपणाने' या शब्दापाशी थांबले, थोरलीकडं बघितलं आणि सही केली. दुरुस्ती त्याच दुपारी गेली. इंग्रजीच्या सरांनी दुसऱ्या दिवशी हजेरी पुन्हा घेतली, नुसत्या नावांनी, आणि आठवी-नववीतही जाऊन तशीच घेतली, हे मला आमच्या आठवीतल्या एकानं सांगितलं.

हॉलतिकीट येईपर्यंतच्या दोन महिन्यांत माझी बदली कागदांवरून लसणावर झाली. सोलायचा. सिस्टर येता-जाता पाकळ्या बघायच्या आणि म्हणायच्या, यात तरी काही वाढवू नका. मुकादम शेजारी बसून थोरलीच्या विज्ञानाचा फड किती राहिला ते बोटांवर मोजायचे. टोळीतल्या माणसांच्या गोष्टी मात्र आता अधूनमधून सांगायला लागले होते. पोरं विचारायची, माझा बाप कसा होता, माझी आई कशी होती. आणि मुकादम आधी काम आठवल्यासारखं करायचे, मग बसायचे.

हॉलतिकीट आलं त्या दिवशी थोरली ते घेऊन आधी सिस्टरांकडं गेली, मग मुकादमांकडं. मुकादमांना वाचता येत नाही, त्यांनी कागद उन्हाला धरून बघितला आणि उतारा चांगला हाय म्हणाले. मग ती माझ्याकडं आली. मी हात पुसून तीनदा वाचलं. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मधे काही नाही. बापानं लिहिलेल्या अर्जाची झेरॉक्स तिनं पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती, ती तेवढ्यात दिसली.

मला भरून आलं. भरून आलं की मी नेमकं चुकीचं बोलतो. मी म्हणालो, आता राग गेला असेल तर सिस्टरांकडं माझ्या पेनाबद्दल एक शब्द टाक. निदान वह्यांवर नावं तरी घालीन.

"राग गेला," थोरली म्हणाली. "पेन न्हाई मिळनार. तुमच्या सोताच्या नावाआधी कै. लिहायची येळ आली की मी येऊन लिहीन. तुमी तेवढंपन चुकीच्या जागी लिहाल."